पहिली जोडी आली कुठून?

"आम्ही पाळणारे नसतो ना, तर हे प्राणी कधीच संपले असते." हे वाक्य गेल्या आठ-दहा वर्षांत मी इतक्या वेळा ऐकलंय की समोरच्याने "आम्ही पाळणारे" म्हटलं की पुढचं मीच म्हणून टाकतो. मी स्वतः घरी गेको, म्हणजे पालीच्या कुळातले प्राणी, पाळलेत, त्यामुळे माझं बोलणं 'प्राणी पाळणंच पाप' या गटातलं नाही हे आधीच सांगून ठेवतो. कुत्रा पाळणाऱ्याने सरडा पाळणाऱ्याला क्रूर म्हणावं हे मला कधी पटलेलं नाही. पण दुर्मिळ कॅमेलियनच्या बाबतीत हे जे 'आम्ही वाचवतोय' चाललंय ना, ते बहुतेक वेळा खोटं असतं, आणि बोलणाऱ्याला स्वतःलाही ते खोटं आहे हे माहीत नसतं, हा खरा घोळ आहे.

कॅमेलियन म्हणजे आपल्या कुंपणावर मान हलवत बसतो तो सरडा नव्हे. दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा, चिमट्यासारख्या पायांनी फांदी धरणारा, जीभ फेकून किडा टिपणारा, आपल्याकडे घोयरा म्हणतात तो. जगात याच्या दोनशेच्या वर जाती आहेत आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास एकट्या मादागास्करात. बाकीच्या बऱ्याच आफ्रिकेच्या डोंगरांवर, आणि त्यातल्या कित्येक अशा की एक डोंगर, एक रान, बस, त्याच्या बाहेर कुठेच नाहीत. दुर्मिळ म्हणतो ते या अर्थाने. एखादा बिल्डर सोसायटी बांधतो तेवढ्या जागेत अख्खी जात संपू शकते.

आता पाळण्याचं बोलू. ठाण्याच्या माझ्या एका मित्राकडे व्हेल्ड कॅमेलियनची मादी होती. व्हेल्ड म्हणजे येमेन आणि सौदीतली जात, पाळायला सगळ्यात सोपी, सगळे शिकाऊ लोक इथून सुरुवात करतात. सोपी म्हणजे किती सोपी तर ऐका. ती वाटीतलं पाणी पीत नाही, पानावरून ओघळणारा थेंबच चाटते, म्हणजे दिवसातून दोन-तीनदा फवारा मारायचा. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन चालत नाही कारण काच यूव्हीबी, म्हणजे उन्हातले हाडांना लागणारे अतिनील किरण, अडवते, म्हणून वेगळी ट्यूब लावायची, ती दिसायला चालू असली तरी सहा महिन्यांनी-वर्षाने तिच्यातलं यूव्हीबी उतरतं म्हणून बदलायची, नाहीतर हाडं मऊ पडून पाय वाकडे होतात. झुरळं-नाकतोडे द्यायचे ते आधी भाज्या खाऊ घालून, वर कॅल्शियमची पावडर भुरभुरून. आणि दुसरा कॅमेलियन नजरेलाही पडता कामा नये, आरशातला सुद्धा, नाहीतर ती काळी पडून बसते.

हे सगळं मित्राने केलं. मनापासून केलं. चुकला कुठे तर लाडात. दिसेल तेवढं खाऊ घातलं. व्हेल्डच्या मादीला नर नसला तरी अंडी होतात, आणि जास्त खाल्लं की जास्त होतात. एका रविवारी गेलो तर ती जाळीच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या तळाला नखं घासत होती. खणायला ओली माती हवी, ती नव्हती. आम्ही घाईघाईने कुंडीतली माती बादलीत भरून आत ठेवली, वर चादर टाकली, लाईट बंद केला, दोघं बाहेरच्या खोलीत लहान पोर झोपवल्यासारखे कुजबुजत बसलो. दोन दिवस ती खणत राहिली आणि अंडी अडकली. तीन डॉक्टरांना फोन केले, "आम्ही कुत्री-मांजरं बघतो" असं तिघांनीही सांगितलं. चौथ्याने बघितलं तेव्हा तिचे डोळे आत गेले होते. मेल्यावर पोट चाचपलं तर पिशवीत शेंगदाणे भरल्यासारखं लागत होतं.

ही सोपी जात बरं का. मित्र हुशार आहे, इंजिनिअर आहे, पैसा खर्च करायला तयार होता.

आता अवघड जात घ्या. पार्सन्स कॅमेलियन, पूर्व मादागास्करच्या पावसाळी जंगलातला, दीड-दोन फुटी, जगातल्या सगळ्यात मोठ्या कॅमेलियनपैकी एक. याची अंडी उबायला दीड-दोन वर्षं लागू शकतात. आणि नुसतं एका तापमानाला ठेवून भागत नाही, तिथल्या ऋतूसारखा मध्ये गारवा द्यावा लागतो मग परत ऊब, तेव्हा आतला गर्भ थांबलेला पुढे सरकतो. हे गणित बसवण्यात युरोप-अमेरिकेतल्या खाजगी पाळणाऱ्यांचा वाटा मोठा आहे, हे कबूल केलंच पाहिजे. प्राणिसंग्रहालयांना जमत नव्हतं तेव्हा या लोकांनी घरातल्या वाईन कूलरमध्ये डबे ठेवून, वह्यांत रोजचं तापमान लिहून हे शोधलं. इंग्लंडच्या चेस्टर झूमध्ये पार्सन्सची पिल्लं निघाली ती तर अगदी अलीकडची गोष्ट. त्यामुळे 'हौशी लोकांना काय कळतं' असं म्हणणाऱ्या शास्त्रज्ञांच्या बाजूनेही मी नाही. कळतं. बऱ्याचदा जास्त कळतं.

पण कौशल्य असणं वेगळं आणि जात वाचवणं वेगळं. मला दोनच प्रश्न विचारायचे असतात. पहिली जोडी आली कुठून? आणि दहावी पिढी जाणार कुठे?

पहिल्या प्रश्नावर सगळे एकच उत्तर देतात, "सीबी आहे". सीबी म्हणजे कॅप्टिव्ह ब्रेड, पिंजऱ्यातच आई-बाप जुळून जन्मलेलं. डब्ल्यूसी म्हणजे रानातून धरलेलं, ते आता कोणी उघड म्हणत नाही. मधे एक तिसरा प्रकार आहे, सीएच, कॅप्टिव्ह हॅच्ड, आणि सगळी गंमत इथे आहे. रानातून गाभण मादी धरायची, तिने पिंजऱ्यात अंडी घातली की पिल्लं 'पिंजऱ्यात जन्मली' म्हणून विकायची. तांत्रिकदृष्ट्या खोटं नाही, पण रानातून एक मादी आणि तिची सगळी पुढची पिढी उचलली गेली ना. प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा जो सायटीस करार आहे त्यात याला वेगवेगळी अक्षरं आहेत, रानातलं 'डब्ल्यू', पिंजऱ्यात जन्मलं पण पूर्ण निकषात न बसणारं 'एफ', आणि खरं पिंजऱ्यातलं 'सी'. 'सी' मिळवायला आई-बापांचा संग पिंजऱ्यातच झालेला असावा लागतो, मूळ जोड्या कायदेशीर आलेल्या असाव्या लागतात, आणि पुढे दुसरी पिढीही निघू शकते हे दाखवावं लागतं. कागदावर छान आहे. पण पिल्लाच्या अंगावर काही अक्षर छापलेलं नसतं, आणि 'सी' लिहिणारा माणूस आणि विकणारा माणूस पुष्कळदा एकाच टेबलाला बसलेला असतो.

मादागास्करचं उदाहरण घ्या. नव्वदच्या दशकात तिथून कॅमेलियन भरभरून बाहेर जात होते, वाटेतच कित्येक मरत होते, कारण तहानलेला कॅमेलियन खोक्यात चार दिवस काढू शकत नाही. शेवटी 1995 च्या सुमारास सायटीसने चार सामान्य जाती सोडून तिथल्या बाकी कॅमेलियनचा व्यापार थांबवला. मग काय झालं, तर लक्ष दुसरीकडे वळलं. ब्रुकेसिया नावाचे पाचोळ्यात राहणारे छोटे कॅमेलियन त्या यादीत नव्हते. त्यातला ब्रुकेसिया पेरार्माटा, अंगावर काटेरी चिलखत घातल्यासारखा, जंगलात फक्त बेमाराहाच्या चुनखडीच्या सुळक्यांमध्ये सापडणारा, तो अचानक सगळ्यांना हवा झाला. 2002 मध्ये त्याला थेट परिशिष्ट एकमध्ये, म्हणजे वाघाच्या पंक्तीत टाकावं लागलं. आफ्रिकेतल्या ठेंगण्या कॅमेलियनांचा नंबर लागायला 2016 उजाडलं. कायदा मागून येतो आणि मागणी पुढे पळते, हे इतकं ठरलेलं आहे की नवी जात शोधणारे कित्येक जण आता नेमकं ठिकाणच छापत नाहीत. विचार करा, शास्त्रज्ञाने शोध लावायचा आणि पत्ता लपवायचा, कारण पेपर छापून आला की पुढच्या सीझनला पिशव्या घेऊन माणसं हजर.

आणि रानातून धरून देणारा जो गावकरी आहे त्याच्या हातात काय पडतं? चिल्लर. तोच प्राणी युरोपात शेकडो-हजारो युरोला जातो. आपल्याकडच्या कांद्याच्या बाजाराची ज्याला माहिती आहे त्याला हे वेगळं समजवायला नको.

दुसरा प्रश्न, दहावी पिढी कुठे जाणार. इथे पँथर कॅमेलियनचं उदाहरण लोक हमखास देतात आणि ते चांगलं उदाहरण आहे. उत्तर मादागास्करातला, चकचकीत रंगांचा, घरी उत्तम वाढतो, आज जगात हजारो घरी आहे, आणि रानातून धरायची गरज त्यामुळे कमी झाली असेल हे मी मान्य करतो. पण हा प्राणी मुळात दुर्मिळ नव्हताच, बंदी आली तेव्हा खुल्या ठेवलेल्या चार जातींत हा होता! दुर्मिळ जात वाचवल्याचं श्रेय पँथरच्या नावावर घ्यायचं म्हणजे शेजारच्याच्या पोराच्या मार्कांवर पेढे वाटण्यासारखं आहे.

शिवाय पँथरचं पुढे काय झालं बघा. नोसी बे बेटावरचा निळा-हिरवा, अंबिलोबेचा लाल पट्ट्यांचा, अंबांजाचा आणखी वेगळा. 2015 मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या मिशेल मिलिंकोविच यांच्या गटाने मादागास्करच्या संशोधकांबरोबर या प्राण्यांचा डीएनए तपासून दाखवलं की ही एक जात नसून अकरा वेगळ्या जाती असण्याची शक्यता आहे. आणि घरोघरी आपण काय केलं? भडक रंग निघावा म्हणून हा तिकडच्याशी, तो इकडच्याशी जुळवला. जास्त लाल तो जास्त किमतीचा. आता या पिल्लांना उद्या मादागास्करात सोडायचं म्हटलं तर कुठल्या गावी सोडणार? ती कुठलीच नाहीत. सुंदर आहेत, हेल्दी आहेत, माझी काही तक्रार नाही, पण ती पोपटी लव्हबर्डसारखी पाळीव झालीत, त्यांना संवर्धन म्हणू नका एवढंच.

सोडण्याचं निघालंच तर हवाईची गोष्ट सांगायलाच हवी. 1972 मध्ये ओआहू बेटावरच्या एका पाळीव प्राण्यांच्या दुकानदाराने केनियाहून तीन शिंगांचे जॅक्सन कॅमेलियन मागवले, काही डझन. प्रवासात मलूल झाले होते म्हणून त्याने ते मागच्या अंगणात सोडले, जरा ताजेतवाने होऊ देत म्हणून. झाले ताजेतवाने. ही जात अंडी घालत नाही, एकदम जिवंत पिल्लं देते, आता अनेक बेटांवर पसरलीये आणि तिथल्या दुर्मिळ गोगलगायी त्यांच्या पोटात सापडल्यात, ज्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. म्हणजे एका जागच्या प्राण्याच्या हौसेने दुसऱ्या जागचे दुर्मिळ प्राणी चालले. आपल्याकडे लाल गालाची कासवं तळ्यात आणि विहिरीत 'सोडून पुण्य' मिळवणारे आहेतच, त्यामुळे हसायचं कारण नाही.

मग पिंजऱ्याशिवाय काय करता येतं? आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या दक्षिणेला मलावी हिल्स म्हणून रान आहे, तिथे चॅपमनचा ठेंगणा कॅमेलियन राहतो. जेमतेम अंगठ्याएवढा, वाळक्या पानासारखा तपकिरी. 1992 मध्ये कॅमेलियनचे अभ्यासक कॉलिन टिलबरी यांनी त्याचं वर्णन केलं तेव्हाच रान शेतीसाठी तुटत होतं. 1998 मध्ये 37 कॅमेलियन उचलून तिथून सुमारे 95 किलोमीटर उत्तरेला मिकुंडी इथल्या रानात नेऊन सोडले. विकले नाहीत, कोणाच्या घरी दिले नाहीत. 2012 ला जाऊन बघितलं तर तिथे ते होते. मूळ रानात मात्र ही जात संपली असावी असंच वाटत होतं. 2016 मध्ये क्रिस्टल टॉली आणि त्यांचे सहकारी रात्री टॉर्च घेऊन उरलेल्या तुकड्यांत फिरले तेव्हा रानाच्या कडेलाच पहिला सापडला. जिवंत होते, पण 1980 च्या दशकापासून ते रान 80 टक्के गेलेलं होतं आणि तुकड्या-तुकड्यांतले कॅमेलियन एकमेकांपर्यंत पोचू शकत नव्हते. सदतीस प्राणी, एक गाडी, दुसरं रान. याला मी वाचवणं म्हणतो, आणि हेही धोक्याचंच होतं, सगळ्याच ठिकाणी जमेल असं अजिबात नाही, परक्या रानात सोडण्याचे तोटे वर हवाईत बघितलेच.

यावर माझे पाळणारे मित्र म्हणतात, अरे पण रान जळतंच आहे ना, मग जळून मरण्यापेक्षा पिंजऱ्यात बरा. या म्हणण्यात दम आहे, मी टाळत नाही. मादागास्करात रान जाळून भात पेरतात, कोळशासाठी तोडतात, गरिबी आहे, हे कोणी पुण्यात बसून थांबवू शकत नाही. पण मग पिंजरा कसा हवा ते तरी नीट बोलू. त्या देशाची परवानगी हवी. प्रत्येक प्राणी नेमक्या कुठल्या रानातला हे लिहिलेलं हवं. कोणाची जोडी कोणाशी लावायची हे रंग बघून नाही, वंशावळ बघून ठरायला हवं. आणि पिल्लं विकायची नाहीत. मालकी त्या देशाची, पाळणारा फक्त सांभाळणारा, आपल्याकडे गावचा बैल सांभाळायला दिलेला असतो तसा. हे मान्य असेल तर माझ्या त्या वाईन कूलरवाल्या लोकांइतके लायक लोक दुसरे नाहीत, झूने त्यांना बोलावून घ्यावं. पण अट ऐकवली की दहातले आठ जण गप्प होतात असा माझा अनुभव आहे, कारण पिल्लं विकायची नाहीत म्हटल्यावर वाचवण्याची घाई जरा कमी होते.

आणि काही जाती तर पिंजऱ्याच्या कल्पनेतच बसत नाहीत. नैऋत्य मादागास्करातला लाबोर्डचा कॅमेलियन घ्या. आठ-नऊ महिने मातीत अंडं म्हणून काढतो, नोव्हेंबरच्या पावसाला बाहेर येतो, दोन महिन्यांत वयात येतो, जुळतो, अंडी घालतो, आणि चार-पाच महिन्यांत बहुतेक सगळी पिढी मरते. वर्षातला बराच काळ ती अख्खी जात म्हणजे फक्त जमिनीतली अंडी. तिला वाचवायचं म्हणजे ती जमीन वाचवायची, कोरडं रान नांगराखाली जाऊ द्यायचं नाही. त्याला तुम्ही एलईडी लावून कितीही सुंदर पिंजरा बनवा.

आपल्या देशातलं बोलायचं तर 2020 मध्ये केंद्राने एक्झॉटिक, म्हणजे परदेशी, प्राण्यांची माहिती स्वेच्छेने द्यायची योजना आणली, सहा महिन्यांत सांगा, कुठून आला याचे कागद मागणार नाही. व्यवहारी होती, त्याशिवाय कोणी सांगितलंच नसतं हेही खरं. पण माझा पहिला प्रश्नच त्यात पुसला गेला. पुढे वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीने सायटीसच्या जातींची वेगळी अनुसूची आली, 2024 मध्ये नियम आले, आता असा प्राणी असेल तर नोंदणी करायची, पिल्लं झाली, मेला, दुसऱ्याला दिला, सगळं कळवायचं. चांगलं आहे. फक्त यादीत एकदा नाव चढलं की लोकांना वाटतं प्राणी शुद्ध झाला, गंगेत न्हाला. आणि मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या बॅगांत साप, कासवं, माकडं सापडल्याच्या बातम्या येतच असतात.

घोयऱ्याचं मात्र कोणाला पडलेलं नाही. तो आपला, पाळणं गुन्हा, आणि माळरानात, बाभळी-बोरीत राहतो, ज्या जमिनीला आपण सातबाऱ्यावर 'पडीक' म्हणतो. मागच्या पावसाळ्यात सासवडच्या पुढे एक रस्ता ओलांडताना दिसला. एक पाऊल उचलायचं, हवेत तसंच झुलवायचं, मग टाकायचं, वाऱ्यावरच्या पानासारखं. डांबराच्या मधोमध. मागून टेम्पो हॉर्न देत होता, मी गाडी आडवी लावली, टेम्पोवाला शिव्या देत खाली उतरला आणि बघून म्हणाला, "विषारी असतो साहेब, मारून टाका." विषारी वगैरे काही नसतो हे सांगेपर्यंत तो पलीकडच्या निवडुंगात गेला होता. दीड लाखाचा पार्सन्स हवा असलेल्या किती जणांनी घोयरा रानात बघितलाय, हे एकदा विचारून बघायचंय.

ठाण्याच्या मित्राला मध्ये मेसेज आला होता, पार्सन्सची जोडी आहे, सीबी, लवकर सांग भाऊ तीन जण लाईनीत आहेत. त्याने मला फॉरवर्ड केला. मी म्हटलं विचार, आई-बाप कोणाकडे आहेत, अंडी कधी घातली, किती दिवसांनी फुटली. त्याने विचारलं. खरा ब्रीडर असता तर दोन वर्षं सांभाळलेल्या अंड्यांची तारीख पाठ असती त्याला, पोराच्या वाढदिवसासारखी, सांगत सुटला असता. समोरून एवढंच आलं, "घ्यायचंय का नाही ते बोल."

मित्राने नाही घेतली. तिसऱ्या दिवशी त्या माणसाच्या स्टेटसला 'सोल्ड' होतं.